टपाच्या आतली बाजू

बोटाएवढ्या तीन फाटी, त्यात काय एवढं, असं गाडी सोडून जाताना दातांचा डॉक्टर म्हणाला होता. दात उपटणाऱ्याला सगळंच सोपं वाटतं! गाडी होती उघडझाप करणाऱ्या कापडी टपाची. टपाची घडी पडते तिथे खालचा लोखंडी सांगाडा घासून घासून कापड फाटलं होतं. असलं कापड नुसतं चिकटवून भागत नाही. पुढचे खटके सोडून टप जरा ढिला करायचा, आतलं अस्तर उसवायचं, फाटलेल्या कडा जवळ आणून टाके घालायचे आणि मगच आतून ठिगळ चिकटवायचं. टाके घालायला माणसं लागतात दोन, एक बाहेर आणि एक आत.

टपवाल्याकडे ती दोन माणसं म्हणजे तो आणि त्याची बायको. तो बाहेरून सुई खुपसायचा, ती मागच्या सीटवर गुडघे टेकून सुई ओढून घ्यायची आणि परत वर धाडायची. मध्ये कापड, त्यामुळे एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. "म्हणून तर संसार टिकला," असं ती गिऱ्हाइकांना खुशाल सांगायची.

तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता ती गेली. टपवाला रडला नाही. लोक आले, पाठीवरून हात फिरवून गेले, हा मान डोलवत राहिला. ताट पुढे आलं की जेवायचा, अंथरूण दिसलं की पडायचा. वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत नव्हतं, काही म्हणता काहीच वाटत नव्हतं.

घरात राहिल्या सासूबाई. लेकीकडे म्हणून आलेल्या, आता लेकच नाही. "जावयाच्या घरी मी कोणत्या नात्यानं राहायचं हो?" असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं. टपवाला घास चावत भिंतीकडे बघत बसला. त्यांनी ताटं उचलली आणि दुसऱ्या दिवशी मुलाला फोन केला. आज दुपारी तो त्यांना न्यायला येणार होता. मांडीवर भरलेली बॅग घेऊन त्या कारखान्याच्या दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी जाऊ नये, असं टपवाल्याला मनातून वाटत होतं. पण मन कुठे आणि तोंड कुठे!

त्याने डॉक्टरच्या गाडीच्या कापडात सुई खुपसली आणि तो उभा राहिला. तसाच, हात पुढे करून.

"जावईबापू, कोणाची वाट बघताय?"

"अं? हो की." तो दार उघडून आत शिरला, सुई ओढली, टाका घातला, बाहेर आला. दुसरा टाका घातला आणि पुन्हा हात पुढे करून उभा.

सासूबाईंना ते बघवेना. त्यांनी बॅग जमिनीवर आदळली आणि कुरकुरत मागच्या सीटवर चढल्या. "ही गाडी आहे का डबा! माझे गुडघे काय तुमच्या टपासारखे दुमडतात होय?"

"आई, राहू द्या."

"गप बसा. तो येईपर्यंत काय माशा मारत बसू?"

मग सुई वरखाली होऊ लागली. सासूबाईंची नजर अधू, सुई यायची ती भलतीकडेच. "जरा अलीकडे," एवढंच तो म्हणायचा. दोन फाटी अशा शिवून झाल्या. तिसऱ्या फाटीला जुनी सवय जागी झाली आणि त्याने डावा तळवा कापडावर टेकवला. बायको असताना तो कायम तसाच टेकवलेला असायचा. तिची सुई एकदाही लागली नव्हती. आत आज कोण बसलंय, हे त्या हाताला कुठलं माहीत! सुई सरळ तळव्यात घुसली.

"आई गं! अगं, आंधळी झालीस का? माझा हात दिसत नाही तुला?"

आपण कोणावर ओरडलो, ते टपवाल्याच्या ध्यानात आलं. तळवा ठणकत होता. किती दिवसांनी काहीतरी दुखत होतं, आणि एकदा दुखायला लागलं ते थांबेना. त्याने कापडावर कपाळ टेकलं आणि तो हमसून हमसून रडला, इतका की गाडी हलायला लागली.

रस्त्यावर हॉर्न वाजला. "आई, चल, आवरलंस ना?" मेहुणा ओरडला.

"जाऊ नका हो," टपवाला कापडाला तोंड लावून म्हणाला. "तुम्ही पण गेलात तर मी काय करू? जाऊ नका."

आतून नाक ओढल्याचा आवाज आला, मग घोगऱ्या आवाजात प्रश्न आला. "तिला कसा कळायचा तुमचा हात?"

"हात टेकवला की कापड आत दबतं. चाचपून बघायची ती."

"ठेवा बघू."

त्याने ठणकता तळवा पुन्हा टेकवला. खालून एक बोट त्याच्या कडेकडेने फिरलं.

"इथे का?"

"हो."

"मग हलवू नका. आणि तो हॉर्न वाजवतोय ना, त्याला म्हणावं, माझी बॅग घरात नेऊन ठेव."