तिकडच्या म्हशी

कावळा येऊन बसला, पण पिंडाकडे ढुंकून बघेना.

पंचगंगेच्या घाटावर तानाबाईचा दहावा चालला होता. घरची माणसं अर्धा तास हात जोडून उभी होती. भटजींनी दोनदा घड्याळ बघितलं.

"कशात तरी जीव गुंतलाय तिचा," तिची थोरली बहीण चिमणाबाई म्हणाली. "बोला की रं. काय तिच्या मनात असंल ते बोला."

मुलगा विश्वजित पुढं झाला. "आई, आबांना अंतर देणार न्हाय." कावळ्यानं दगडावर चोच घासली आणि तिथंच बसून राहिला.

नवरा आकाराम मागं उभा होता. तिचा जीव कशात गुंतलाय हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

गंगावेशीत त्याचं पेंडीचं दुकान. दोन वर्षांपूर्वी खप जास्त झाला म्हणून पशुखाद्याच्या कंपनीनं त्याला आफ्रिकेची सहल दिली, तीही जोडीनं. तानाबाई आठवडाभर गोठ्यात गुणगुणत होती. शेजारणीचा स्वेटरसुद्धा मागून आणला. पण बाकीचे दुकानदार टापटिपीचे, त्यांच्या बायका शिकलेल्या. ही त्यांच्यात बसून शेणामुताच्या गप्पा हाणेल, या धास्तीनं आकारामनं पोराला नेलं. तिला म्हणाला, "तिथं इंग्रजी लागतंय. तुला काय कळणार त्यातलं?"

"व्हय की," ती म्हणाली. स्वेटर परत देऊन आली आणि बापलेकांना दशम्या बांधून दिल्या.

तिकडं उघड्या टपाच्या जीपमधनं चार दिवस हिंडले. सिंह झोपलेलाच दिसला. मग एका सकाळी नजर पोचेल तिथवर दाढीवाली, म्हशीसारखी काळी जनावरं, हजारोंनी. जीपच्या अगदी जवळ एक मादी व्याली. वासरू धडपडलं, पडलं, परत उठलं आणि घटकाभरात आईच्या मागं पळायला लागलं. सवयीनं शेजारी वळून आकाराम म्हणाला, "बघ गं, कसं उठलं." शेजारी विश्वजित मोबाइल धरून उभा होता.

घरी आल्यावर धार काढता काढता तिनं विचारलं, "काय काय बघितलासा?"

"काय न्हाय गं. नुसत्या म्हशीच म्हशी."

ती हसली. "मग मलाच न्यायचं की. म्हशीतलं मला कळतंय."

बस्स, एवढंच. परत तिनं कधी विषय काढला नाही. त्या वासराचं सांगायचं तो रोज मनात आणायचा, पण सांगायचं तर नेलं का नाही तेही सांगावं लागलं असतं. आणि दहा दिवसांमागं साध्या तापाचं निमित्त झालं आणि बाई गेली.

कावळा अजून बसलाच होता.

आता बोलायलाच हवं होतं. तुझी मला लाज वाटली, म्हणून तुला नेलं नाही. भावकी, सोयरे, पोरं, सगळ्यांच्या देखत. नाहीतर ती अशीच अडकून राहणार. आकाराम पुढं आला. "तानू..." एवढंच बाहेर पडलं.

तेवढ्यात मागनं लेक संयोगिता रडत म्हणाली, "आई, गाभण म्हशीची काळजी करू नकोस. ती विईस्तोवर मी हितंच ऱ्हाते."

कावळा टुणकन उतरला आणि पिंडाला शिवला.

"सुटली गं बाई," चिमणाबाईनं डोळ्याला पदर लावला. "म्हशीतच जीव हुता बघा तिचा." लोक पायऱ्या चढायला लागले.

आकाराम तिथंच उभा. चाळीस वर्षांत तिनं त्याला चारचौघांत कधी मान खाली घालायला लावली नव्हती. आजही लावली नाही. सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं.

"चला आबा," विश्वजितनं खांद्यावर हात ठेवला. "शिवला न्हवं कावळा?"

"व्हय," आकाराम म्हणाला. पण जोडलेले हात काही त्याला सोडवेनात.