गाठीचा शेजार

“अहो, तो तुकडा कुठल्या लॅबमध्ये दिला होता? नाव तरी आठवतं का?” डॉक्टर अश्विनीनं पुन्हा विचारलं, आणि उद्धवराव पुन्हा नुसता खोकला.

आदिलाबादच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत पंखा होता, वारा नव्हता. त्याच्याशेजारी त्याची बायको बयनाबाई बसली होती. जैनथची भाजीवाली, उभा जन्म वाफ्यांत वाकण्यात आणि बाजारात ओरडण्यात गेलेला. दोन वर्षांपूर्वी तिच्या छातीतली गाठ काढली, ती आता फुप्फुसात उगवली होती. कोणतं औषध लागू पडेल आणि किती दिवस हातात आहेत, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

“तेव्हा सुईनं केलेल्या तपासणीत नुसत्या सुट्या पेशी आल्या होत्या,” अश्विनी म्हणाली. ती तेलंगणातल्याच मराठी बोलणाऱ्या भैंशाची, म्हणून मराठीत बोलत होती. “आता संशोधन सगळं गाठीच्या भोवतालाकडं वळलंय, मावशी. गाठ एकटी नसते. शरीराचे शिपाई तिच्याभोवती जमतात. कुठं ते लढतात, कुठं ती त्यांनाच फितवते आणि तेच तिला पोसतात. तो शेजार पाहिला की ती पुढं कशी वागेल याचा अंदाज येतो, औषधही ठरवता येतं. म्हणून तो काढलेला तुकडा हवाय.”

“चोर एकला नसते, बाई,” बयनाबाई म्हणाली. “गावातलंच कोनी तरी त्याले भाकर देते.”

मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. ऑपरेशन झाल्यावर त्या दवाखान्यातल्या लोकांनी नेहमीच्या रिवाजानं तुकड्याची डबी नातेवाइकाच्या हाती दिली होती. लॅबमध्ये नेऊन द्या म्हणाले होते. संध्याकाळी यानंच येऊन सांगितलं होतं, तपासणी चांगली आली म्हणून.

“अवो, बोला ना! कुठी देली डबी?”

“गंगेत सोडली.”

“काय?”

“पैनगंगेत,” उद्धवराव मान खाली घालून म्हणाला. “जित्या मानसाचं मांस बाटलीत कोंडून ठेवतेत काय? जीव अटकून राह्यते त्यात. माय म्हने, तोडलेलं अंग वाहत्या पान्यात सोडा, रोग मांगं येत नाई. नारळ फोडलं, हात जोडले. तुह्यासाठीच केलं ना म्या.”

“आन तपासनी चांगली आली म्हनलं, ते?”

“तू भेली असती.”

बयनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच्यापेक्षा मारकुटा नवरा परवडला, त्याला शिव्याशाप तरी देता येतात. मायेनं गळा कापणाऱ्याचं काय करायचं? तोंडात आलेली शिवी तिनं गिळली, कारण समोर तो पोरासारखा हुंदके देत होता. मरायचं हिनं, आणि रडायचं त्यानं!

“रडू नोका. लोकं पाहून राह्यले,” ती म्हणाली. “जा, बाहेर चा घ्या. मी येतोच.”

तो गेल्यावर तिनं विचारलं, “नवा तुकडा नाई काढता येत?”

“फुप्फुसातून काढायचा म्हणजे… तुम्हाला झेपायचं नाही, मावशी. त्याच्याशिवाय औषध देऊ, पण ते अंधारात दगड मारणं आहे.”

“मंग अंदाजानंच सांगा. वाफे तयार हायेत. मेथी महिन्यात निंघते. हळद लावली त खंदायले पुढचा उन्हाळा उजाडते. काय लावू?”

अश्विनीनं समोरची फाइल मिटली.

“मेथी लावा.”

बयनाबाईनं मान हलवली, भाव पटल्यावर हलवते तशी. पदर सारखा करून ती बाहेर आली.

उद्धवराव दोन कागदी पेले सांभाळत उभा होता. डोळे लाल. “काय म्हने डाक्टरीन?”

“हळद लावा म्हने.”

त्याचा चेहरा असा उजळला, की तिला त्याचा राग राग आला. चहा सांडत त्यानं पेल्यांसकट हात कपाळाशी जोडले.

“पाह्यलं? गंगामायनं ऐकलंच शेवटी! म्या केलं ते वाया नाई गेलं.”

चहा कढत होता. बयनाबाईनं तो तसाच घशाखाली उतरवला.