चौदा नंबरचं कार्ड

कार्डावर धूळ नव्हती. गॅलरीच्या कठड्याला दोऱ्याने बांधलेलं, तळहाताएवढं, प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं पांढरं कार्ड – वर व्हॅसलिनचा थर, तोही ताजा, बोट गोल गोल फिरवल्याच्या खुणा असलेला – आणि त्यात सहा दिवसांची जी करडी-काळी धूळ अडकलेली असायला हवी होती, काल संध्याकाळपर्यंत अडकलेली होती, ती नव्हती. शाळेला निघालेली ती चहाचा कप हातात धरून बघत राहिली. आतून बाबांचा खोकला आला, आणि खोकल्यामागून बाबा.

"काय बघतेस? पुसून ठेवलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला पाहिजे? काय अवतार झाला होता त्याचा! शाळेची वस्तू, ती अशी न्यायची का बाईंनी? साबणाने धुतलं, वाळवलं, नवं व्हॅसलिन लावलं. माझी अख्खी डबी संपली त्यात, ते सोडून दे."

"बाबा, मला घाणच हवी होती हो!"

ते थबकले. मग खांदे हलवत, खोकला आवरत हसले. "एकतीस वर्षं बॉयलरवर काढली मी. एवढा मोठा सन्मान कुणी केला नाही घाणीचा."

ती हसली नाही. सहावीच्या सव्वीस मुलांनी हवेतली धूळ मोजायला आपापल्या घराबाहेर अशी कार्डं टांगली होती, सत्ताविसावं बाईंचं; उद्या सगळी गोळा करून परिसराच्या नकाशावर लावायची होती, आणि कारखान्याच्या भिंतीला लागून असलेलं घर एकच होतं – हे. तिने कप जरा आपटूनच ठेवला, साडीला पिन लावली, "येते" म्हणाली. रोजच्यासारखंच. पुढे तिने तो दिवस पुष्कळदा उलटापालटा करून पाहिला, त्यात काही वेगळं होतं का, काही कळायला हवं होतं का… काही नव्हतं. वरणाला फोडणी कमी पडली अशी तक्रार होती. चष्म्याची काडी सैल झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले, वर्तमानपत्र मांडीवर, तिसरं पान उघडं.

त्याला आता तीन आठवडे झाले. 'सुटले बिचारे' असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं त्या सगळ्यांचा तिला राग होता, आणि तो राग ती नीट घडी घालून जपत होती. कारण तो गेला की मागे काय उरेल हे तिला ठाऊक होतं. सुटले? कशातून? डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, सिगारेट? नाही. कधीच नाही? नाही. मग काम काय करायचात? आणि ती तोंड उघडणार तेवढ्यात बाबाच म्हणाले होते, "नोकरी." तेवढंच. डॉक्टरांनी तेवढंच लिहून घेतलं. ती शेजारच्या खुर्चीत बसली होती, पर्स मांडीवर धरून, आणि तिनेही तेवढ्यावरच राहू दिलं.

शाळेतलं विज्ञान प्रदर्शन पुढे ढकललं गेलं होतं, ते आज होतं. विज्ञानाच्या खोलीत सकाळपासून ती आणि मुलं नकाशावर टाचण्या लावत होती. वर्गात एक मुलगी होती, शेवटचा शब्द आपलाच असला पाहिजे म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणत. ती नकाशासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाई, चौदा नंबर कुणाचं?"

"माझं."

"पण तुमचं घर तर भिंतीला चिकटून आहे. माझं तुमच्या मागे दोन गल्ल्या सोडून, तरी माझं हे असं, तव्याच्या बुडासारखं. आणि तुमचं…"

"माझं काय?"

"एक तर तुमच्याकडे जादू आहे, नाहीतर तुम्ही चीटिंग केलंय."

मुलं खिदळली. "नंतर सांगते," ती म्हणाली, आणि बाईंचं 'नंतर' म्हणजे काय ते वकीलबाईला पुरेपूर माहीत असल्यामुळे तिने नाक उडवलं.

काय सांगणार होती ती? की हे कार्ड इथे लावायलाच नको होतं, कारण ते निकामी आहे, प्रयोगातून बाद करायचं, हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. ती ते फेकायला कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलीही होती. पण थरात बोटाच्या खुणा होत्या – तर्जनीच्या, तीही बाहेरून आत फिरवलेल्या, कारण बाबा सगळं तसंच करायचे, भांडं घासायचं असो की चष्मा पुसायचा असो. ते कार्ड घरात ठेवणं जमेना, टाकणं जमेना. शेवटी चौदा नंबर घालून तिने ते नकाशावर लावून टाकलं. विज्ञानाच्या बाईंनी.

दहाच्या सुमारास मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी आधी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मग नकाशाकडे पाहिलं.

"हा काढू या का? तक्ते आहेत ना, किती सुंदर केलेत मुलांनी. झाडं लावा, कचरा जाळू नका, जवळ जायचं तर चालत जा. मुलांना करता येण्यासारखं."

"ते राहू देच. पण मॅडम, मुलं बॉयलर चालवत नाहीत."

"तुमची मनःस्थिती मी समजू शकते –"

"मनःस्थितीचा आणि नकाशाचा काही संबंध नाही."

"अहो, कारखान्याचे साहेब येताहेत आज. ही खोली, ही टेबलं त्यांनीच दिलीत. आणि तुमचे वडीलही तिथलेच ना? निदान त्यांचा तरी विचार करा."

"त्यांचाच करतेय," ती म्हणाली. नकाशाची खालची एक टाचणी ढिली झाली होती, ती तिने अंगठ्याने आत दाबली. मुख्याध्यापिका गेल्या. नकाशा राहिला. इतकं सोपं होतं हे? आधी कधी करूनच पाहिलं नव्हतं.

साहेब वेळेवर आले. तिला वाटलं होतं, घाईत असतील, हारतुरे घेतील आणि जातील. पण ते सभ्य निघाले, कुतूहल असलेले. हात मागे बांधून एकेका कार्डासमोर वाकत होते, मुलांना विचारत होते, व्हॅसलिनच का, पाणी का नाही? मागे पालक दाटीवाटीने उभे होते, त्यातले निम्मे तरी कारखान्यातलेच. चौदाव्या कार्डापाशी साहेब थांबले. नकाशावर बोट ठेवून त्यांनी कारखान्याची भिंत शोधली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे बघा, मुलांनो, याला म्हणतात विज्ञान! आमच्या सगळ्यांत जवळचं घर कुठलं? हे. आणि सगळ्यांत स्वच्छ कार्ड कुठलं? हेच. म्हणजे धूळ येते कुठून? रस्त्यावरून, गाड्यांमधून, कचरा पेटवतात त्यातून. या कार्डाचा फोटो घ्या हो कुणीतरी."

मागचे दोन-चार पालक हसले. त्यांना हसावंसं वाटलं असेल. वकीलबाईचा हात अर्ध्यावर वर गेला, आणि तिने बाईंकडे पाहिलं.

…नववीत होती ती स्वतः, तेव्हाची गोष्ट. बाबा डबा विसरून गेले म्हणून आईने पहाटेच पिटाळलं. फाटकावरच्या माणसाने ओळखून आत सोडलं, आणि बॉयलरच्या दारात उभं राहून तिने बाबांना लोखंडी चाक फिरवताना पाहिलं, दोन्ही हातांनी, पाय रोवून. चाक फिरलं आणि वर चिमणीतून काळा लोट निघाला, अंधारातही दिसेल असा काळा. ते वळले, ती दिसली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने ना आधी पाहिलं होतं, ना नंतर. "धुराच्या गाळणीला वळसा देतो रोज थोडा वेळ, तसाच वर सोडतो," ते म्हणाले. "वरून हुकूम आहे. उजाडायच्या आत बंद करतो. कुणाला बोलायचं नाही हं, बाळा." तिने मान हलवली. परतीच्या वाटेवर पत्र्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर ते काळं उतरत होतं, बारीक, मऊ. निवृत्त झाल्यावरही ते पहाटे गॅलरीत उभे राहायचे आणि चिमणीकडे बघून घड्याळ बघायचे – "आज पंधरा मिनिटं उशीर केला यांनी." त्यांना कार्डावर काय दिसलं होतं त्या सकाळी? शाळेची मळलेली वस्तू… की स्वतःचं काम? नीटनेटकेपणा होता तो, की जन्मभराची सवय, उजाडायच्या आत मागमूस न ठेवण्याची? आता विचारायला कुणी नाही. आणि विचारलं असतं तर ते हसले असते, खोकले असते, म्हणाले असते, "नोकरी."

"ते कार्ड माझ्या वडिलांनी धुतलं होतं," ती म्हणाली.

आवाज वर्गातलाच निघाला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. साहेब वळले.

"ते मोजायचं नाही. लावलं मी, चूक माझी. मुलांची सव्वीस बरोबर आहेत."

"ठीक आहे, ठीक आहे," साहेब हसून म्हणाले. "मुलांचे प्रयोग आहेत, होतं असं."

"माझं बोलणं झालेलं नाही."

मुख्याध्यापिकांनी तिच्या कोपराला हात लावला. तिने कोपर काढून घेतलं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की हे बोलणं म्हणजे बाबांचा हात सोडणं, आणि आज गर्दीसमोर उभं राहिल्यावर तसं काही वाटेना. बाबांवरचा रागही तिथेच होता, मायाही तिथेच, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. अकरा वर्षं ती हा धडा शिकवत होती – प्रदूषणाची कारणे लिहा, उपाय लिहा, कोणतेही चार – आणि पाचवं कारण घरी जेवायला बसलेलं असायचं. मुलं वाट बघत होती. पालकांत एक पांढऱ्या मिशांचा माणूस होता, बाबांच्या पाळीतला; त्याने मान खाली घातली. घालू दे.

"पहाटे गाळणी बंद करून धूर थेट सोडतात," ती म्हणाली. "रोज. माझे बाबा सोडायचे. मला माहीत होतं."