दारातला ट्रक

आमच्या ह्यांचा धंदाच मुळी लोकांचे गाशे गुंडाळायचा. सामान हलवणाऱ्या कंपनीत हे मुकादम आहेत. काचेचं कपाट कागदात कसं बांधायचं, सोफा अरुंद जिन्यातून कसा वळवायचा, हे ह्यांनी कितीतरी माणसांना शिकवलंय. घरी मात्र प्यायलेला पेला जागेवर ठेवतील तर शपथ.

आमच्या शहरात बाहेरच्या देशांतली माणसं फार. ऊन चांगलं, समुद्र जवळ, आणि तिकडच्या पेन्शनीत इथं ऐटीत राहता येतं, म्हणून येऊन राहिलेली. त्यांच्या जिवावर अर्धं शहर जेवत होतं. मग आमचा पैसा घसरायला लागला. सुरुवातीला त्यांची चंगळच झाली, त्यांच्या एका नोटेत टोपलीभर भाजी यायला लागली. पण पुढे दुकानांतून औषधं गेली, वीज जायला लागली, बँकांवर दगड पडायला लागले, तसे ते एकेक उठून चालते झाले. सगळ्यांचे धंदे बसले आणि ह्यांचा तेवढा वाढला. मी म्हटलं, गावाला आग लागली की पाणी विकणाऱ्याची दिवाळी. ह्यांना ते आवडलं नाही.

जाणाऱ्यांतल्या काहींनी कुणाची दमडी चुकती केली नाही. मोलकरीण, वाणी, घरमालक, सगळे हात चोळत बसले. तेव्हापासून कुणाच्या दारात ट्रक लागला की गल्ली धावून यायची. एका म्हाताऱ्या जोडप्याची कपाटं तर लोकांनी अर्ध्या जिन्यातून परत वर नेली. ह्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि नियमच केला: कंपनीचा ट्रक आपल्या गल्लीत आणायचा नाही.

इथं माझ्या भिशीचं सांगायला हवं. आमच्या इमारतीतल्या बायकांची भिशी माझ्याकडे असते. मी तोंडाने फटकळ, पण हिशोबाला सरळ, हे सगळ्यांना माहीत. पैसा वितळायला लागल्यावर आम्ही ठरवलं, जमेल तसं बाहेरच्या नोटांत बदलायचं आणि बँकेत माझ्या नावावर ठेवायचं. पहिली उचल खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीची. तिच्या नवऱ्याचं हृदयाचं औषध बाहेरून येतं आणि औषधवाला आता बाहेरच्या नोटांशिवाय बाटलीला हात लावू देत नाही. शिंपीण माझी जिवाची मैत्रीण. माझ्या लेकीचे, ठकीचे, सगळे फ्रॉक तिनेच शिवलेले, आणि ठकी तिला मावशी म्हणते.

ज्या दिवशी सरकारने बँकांना सक्तीची सुट्टी दिली, त्याच दिवशी भर दुपारी हे ट्रक घेऊन घराखाली आले. मी खिडकीतून पाहिलं आणि माझा पारा चढला.

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का? हा इथं कशाला आणलात?"

"डिझेल कुठाय? पुढचं घर मागच्याच गल्लीत आहे. ट्रक डेपोत नेऊन परत आणला तर टाकी कोरडी पडेल. चार घास खातो आणि निघतो."

"मागे काय भरलंय?"

"एका बाईंचं सामान. फ्रीज, गाद्या, लहान मुलाची सायकल."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. फ्रीज, गाद्या, सायकल. आमच्या घरात तरी दुसरं काय आहे?

ह्यांनी पहिला घास घेतला असेल नसेल, जिन्यात चपला वाजायला लागल्या. एकदोन नाही, पुष्कळ. आधी वाणीण आत शिरली, मागून शाळेतल्या मास्तरीणबाई, मग बाकीच्या. दारात जागा उरली नाही. शिंपीण सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती.

"निघालात वाटतं," वाणीण म्हणाली.

"कुठं निघणार? जेवतायत ते. सामान दुसऱ्यांचं आहे."

"सगळे असंच म्हणतात."

"अगं बये, डोळे आहेत ना तुला? हा माझा फ्रीज. ह्या माझ्या गाद्या."

"मोठं सामान राहिलंय म्हणजे घाईत आहात," मास्तरीणबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. "आमचे पैसे तेवढे देऊन जा."

मी पासबुक काढून दाखवलं. बँक बंद आहे, उघडली की त्याच दिवशी आणून देते, म्हटलं. वाणीण म्हणाली, कागद चाटून पोट भरत नाही. ह्यांनी ट्रकची किल्ली पुढे केली, तर म्हणे ट्रक कंपनीचा, तुमचा काय त्यात. आता मला भीती वाटायला लागली. ह्या बायकांची उणीदुणी मला पाठ आहेत, कुणाची सासू कशी आणि कुणाचा दीर कसा, सगळं. पण त्या दुपारी एकीचाही चेहरा माझ्या ओळखीचा वाटेना. खाली पुरुषमाणसं ट्रकच्या चाकांपाशी जमली होती. कुणीतरी हवा सोडत होतं, त्याचा फुस्स आवाज वरपर्यंत येत होता.

तेव्हा शिंपीण पुढे आली. मला वाटलं, सुटले. ही आता चार शब्द सुनावील सगळ्यांना.

"ठकी माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. "बँक उघडेपर्यंत. मग कुणाला शंका राहणार नाही."

तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. कापड मापताना बोलते तसा. बायकांनी माना डोलावल्या. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उष्ट्या हाताने तसेच उभे होते आणि ह्यांची नजर खिडकीतून खाली लागली होती.

मी नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? रोज विचार करते. बहुतेक पोरीला ओढून नेलं असतं, आणि ती घाबरली असती. म्हणून मी हो म्हटलं. ठकीला वाटलं, मावशीकडे राहायला जायचंय. तिने स्वतःची उशी काखेत मारली आणि उड्या मारत जिना उतरली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बँक उघडेना. रेडिओवर रोज सांगायचे, उद्या. मी दिवसातून दहादा खाली जायची. शिंपीण दार उघडायची, पण दाराला साखळी लावून. फटीतून ठकी दिसायची, मशिनपाशी चिंध्यांशी खेळताना. "अगं, आत ये ना," असं शिंपीण एकदाही म्हणाली नाही. मी रात्री जमिनीला कान लावून झोपायची. खालून मशिनचा आवाज आला की वाटायचं, आहे अजून. थांबला की उठून बसायची. हे म्हणायचे, झोप गं, कुठं नेणार ते. पण हेही जागेच असायचे.

शेवटी बँक उघडली. मी पहाटेच रांगेत जाऊन उभी राहिले. पुढे लोक एकमेकांच्या अंगावर चढत होते. खिडकीशी पोचले तेव्हा आतल्या माणसाने पासबुक पाहिलं, शिक्का मारला आणि आपल्याच देशाच्या नोटांची जाडजूड बंडलं पुढे सरकवली.

"ह्या नाही. मी बाहेरच्या ठेवल्या होत्या."

"बाहेरच्या नोटा सरकारने घेतल्या, बाई. सगळ्यांच्याच. त्याबदली हे, सरकारी भावाने."

"पण बाजारात ह्यात त्यांचा तिसरा हिस्सासुद्धा येणार नाही."

"माझी आईही तेच म्हणाली," तो म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

पिशवी इतकी जड होती की दोन्ही हातांनी धरावी लागली. वाटेत औषधवाल्याकडे गेले. हात जोडले, सगळी पिशवी घे म्हटलं. त्याने पिशवीत डोकावूनही पाहिलं नाही. घरी येईपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. गाद्या विकू, फ्रीज विकू, कुठूनही आणू, पण माझी पोरगी दे. एवढंच सांगायचं होतं.

शिंपिणीचं दार वाजवलं. साखळीपुरतं उघडलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. मी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. तिला काही सांगावं लागलं नाही. तिच्या मागे खाटेवर तिचा नवरा उशांना टेकून बसला होता. तो तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. त्याच्या पायाशी माझी ठकी चिंध्यांची बाहुली घेऊन बसली होती.

"ताई," मी म्हणाले, "ऐकून तरी घे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं पाणी, मी पाहिलं ते.

आतून ठकीने विचारलं, "मावशी, कोण आलंय?"

"कोणी नाही गं, बाळा," शिंपीण म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.