पाठवणीच्या पापण्या

लताने चिमट्यात धरलेली नकली पापणी यशोदाच्या डोळ्यावर टेकवून पाहिली आणि परत डबीत ठेवली.

"ही भलती लांब शे, ताई. तुमना डोयासले मधलीच शोभी."

"लांबच लाय. मनं चांगलं दिसनं तुले खुपस का?" नवरी कडाडली.

ही नणंद लताच्या लग्नापासून तिच्याशी एक शब्द सरळ बोलली नव्हती. लताने सासूच्या, भिकुबाईंच्या, नाकावर टिच्चून जळगावला पार्लरचा कोर्स केला होता. भिकुबाई कशाबशा एवढ्यावर आल्या होत्या, की आपली यशोदा मांडवात नीट दिसली, कुणी नावं ठेवली नाहीत, तर अमळनेरच्या या घराची पुढची खोली सुनेच्या पार्लरला मिळेल. आज खऱ्या नवरीवर लताचा पहिलाच हात होता.

तिने गुपचूप मधल्या लांबीची जोडी उचलली, बाहेरचं टोक कातरलं आणि कडेला डिंक लावला. पहिली तिरकी बसली. ओढून काढताना खरे केसही उपटले, तशी यशोदाने तिच्या हातावर चापट मारली.

"डोया फोडस का मना?"

लताने डिंक पुसून पुन्हा लावला. दुसऱ्या खेपेला आधी मध्य टेकवला, मग कोपरे दाबले. बसली. आरशात पाहून यशोदाने दुसरा डोळा पुढे केला.

"आते पानी लागू देऊ नका. डिंक सुटी जाई," लता म्हणाली.

दुपारी पाठवणी निघाली. बायांनी पदर डोळ्यांना लावले, भिकुबाईंनी गळा काढला. यशोदा एकेकीच्या गळ्यात पडली, पण कोरडी ठणठणीत.

"दगड शे पोर," मागून दोघी-तिघी म्हणाल्या. भिकुबाईंचं रडणं अर्ध्यात थांबलं.

लताला आता आपली चूक कळली. कोर्सला नवऱ्या फक्त फोटोसाठी सजायच्या, त्यांची पाठवणी कुणी केली होती? आणि ही शहाणी नवरीलाच डोळे ओले करू नको सांगून बसली! ती गर्दीतून वाट काढत जीपजवळ गेली.

"ताई, रडी ल्या. सुटू द्या पापन्या."

"माले रडूच येत नही, वहिनी." आज पहिल्यांदाच यशोदाच्या आवाजाला धार नव्हती. "इथून निंघानी मी कितला दिनपासून वाट देखी ऱ्हायंती. मायले सांगू नको."

भिकुबाई येऊन ठाकल्याच.

"काय सांगं व तू तिले?"

बाया कान देऊन उभ्या होत्या. लताला ही नणंद आजही आवडत नव्हती. पुढची खोली मात्र फार आवडत होती, आरसा कुठल्या भिंतीला लावायचा हेही ठरलं होतं.

"मनं चुकनं, आत्या. रडू नका, पापन्या सुटतीन, असं मीच सांगं व्हतं."

"आयकं का बायासवं?" भिकुबाईंचा सूर पुन्हा चढला, त्यात थोडी सुटकाही होती. "ह्या अवदसानी मनी पोरले रडू बी दिन्हं नही. आनि हिले पार्लर जोयजे!"

मग त्या मनासारखं रडल्या. मघाशी यशोदाला दगड म्हणणाऱ्या बाया आता लताचा उद्धार करू लागल्या. 

जीप हलेपर्यंत यशोदाने खिडकीतून लताचं मनगट धरून ठेवलं होतं.