एका अंड्याची टोपली

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण मी कागदावर येत नाही. मी शेतमोजणीच्या एका सॉफ्टवेअरचा अहवाल आहे. शेताची मोजणी झाली की ते सॉफ्टवेअर जे सांगते ते माझ्या रूपाने सांगते, आणि मला वाचते ते दुसरे एक यंत्र. माझ्या घडणीला जेसन म्हणतात. महिरपी कंसांच्या आत प्रत्येक गोष्टीचे नाव आणि नावापुढे तिची माहिती, एवढाच माझा देह.

माझ्या आधी इथे एक छापील अहवाल होता. मोजणी करणारा भावेश जीपीएस हातात घेऊन पालघरकडच्या डोंगरपाड्यांत शेतांच्या कडेकडेने चालायचा, आणि तो अहवाल साध्या वाक्यांत सारे सांगायचा. माणसे तो वाचत आणि समजून घेत. पुढे कुठली जमीन रिकामी आहे, कुठे झाडे लावता येतील, हे दाखवणारे नकाशायंत्र आले. यंत्राला वाक्ये कळत नाहीत. त्याला प्रत्येक गोष्ट ठरलेल्या जागी लागते.

म्हणून उमरोळीच्या दीपिकाने बोईसरच्या लहानशा कार्यालयात मला घडवले. ती मोजके बोलायची. क्षेत्र लिहिले की ते कशात मोजले हेही शेजारी लिहायला लावायची. तिने मला शेतकऱ्याच्या नावाला एक जागा दिली, क्षेत्राला एक, सीमेला एक आणि अगदी तळाशी एक शेऱ्याला. नकाशायंत्राने मला पहिल्यांदा वाचले तेव्हा तिचा सहकारी निमेश म्हणाला, "हे तर शहाण्या पोरासारखं पानातलं सगळं संपवतंय!" मी सुखावलो.

मग एका शुक्रवारी पाड्यावरच्या समाजमंदिरात माझ्यावरून काढलेला नकाशा लावला. नवसी नावाच्या शेतकरीण बाईंनी त्यावर बोट फिरवले.

"बाय, ही ठिपकी कसली?"

"झाडं लावायची जागा, मावशी," दीपिका म्हणाली. "सोमवारपासून खड्डे खणणार आहेत."

"आनी ही पान्याची टाकी, ह्यो ओहळ. मंग ओहळाच्या पल्याड माजा माळ हाय की! तिथं नागली लावते मी."

शेजारच्या बायडीने टोमणा मारला, "लावूं दे साग. मंग सागाची भाकर थाप, नवसे!"

बायका हसल्या, पण नवसी हसली नाही. "खालचा भात होळीपरत पुरतो. पुढं ह्यो माळच पोसतो आमाला. तिथं खड्डं पडलं तर खायाचं काय?"

भावेश गोंधळला. "मावशी, मी दोन्ही तुकड्यांभोवती चाललोय. शेऱ्यात लिहिलंय पण, वरचा तुकडा ओहोळापलीकडे म्हणून."

दीपिकाने तिथेच लॅपटॉपवर मला उघडले. शेरा तळाशी जसाच्या तसा होता, पण नकाशायंत्र शेरा वाचत नव्हते. सीमेला जागा एकच होती. तिथे खालचे भातखाचर बसले होते आणि वरच्या माळाला बसायला जागाच उरली नव्हती.

"चूक माझी," दीपिका म्हणाली. "एका नावाला एकच शेत, असं मी धरून चालले. सोमवारच्या आत नकाशा दुरुस्त करते, मावशी. खड्डे आखणारे नकाशा पाहूनच आखतात."

शनिवारी तिने माझ्या सीमेच्या जागी चौकोनी कंस घातले. आता तिथे यादी मावणार होती. आणि नियम केला, की तुकडा एकच असला तरी तो यादीतच जाईल.

निमेश म्हणाला, "अगं, बहुतेकांचं एकच शेत असतं. एका अंड्याला टोपली कशाला?"

"आणि दुसरं अंडं आलं तर? खिशात ठेवू?"

निमेश हसला आणि नकाशायंत्राला यादी वाचायला शिकवायला बसला. शेऱ्यात काही लिहिलेले असेल तर यंत्राने थांबून ते माणसाला दाखवावे, हेही त्यानेच जोडले. भावेशच्या जपून ठेवलेल्या मोजण्या माझ्यातून पुन्हा गेल्या. नवसीबरोबर आणखीही काही घरांचे तुकडे ओहोळांपलीकडून परत आले.

रविवारी नवा नकाशा भिंतीवर लागला. "ह्यो खालचा," नवसी म्हणाली, "आन् ह्यो वरचा." मग डोळे बारीक करून विचारले, "मधला ओहळ कोनाच्या नावावर हाय?"

"घे, तोबी घे!" बायडी म्हणाली, आणि दीपिकासुद्धा हसली.

नवसीने फडक्यात बांधून आणलेली भाकर तिच्या हातावर ठेवली. "खा बाय, माळावरची हाय."

सोमवारी खड्डे आखणारे आले आणि नवसीच्या माळाला वळसा घालून पुढे गेले.

मित्रांनो, ती भाकर मला चाखता आली नाही. पण माझे चौकोनी कंस हे त्या माळाचे देणे आहे, हे मी विसरत नाही. शेऱ्यात दोन शब्द लिहिणाऱ्या भावेशचा, नकाशावर बोट ठेवणाऱ्या नवसीचा आणि चूक ऐकताच मला उसवून पुन्हा शिवणाऱ्या दीपिकाचा मी ऋणी आहे. आजही माझ्यातून जाणाऱ्या बहुतेक याद्यांत एकच तुकडा असतो आणि शेजारची जागा मोकळी राहते. राहू दे. तुम्हीही कधी कोणाची शेते, घरे, माणसे मोजाल, तेव्हा शेवटी एवढे जरूर विचारा, "आणखी काही आहे का?" आणि विचारण्याआधी उत्तराला बसायला जागा करून ठेवा.