वंशावळीवरची सही

जफर गादीवाल्याचा कोणावरच विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, शेजारी भिंत पुढं सरकवतो, आणि हसून सलाम करणाऱ्याला हमखास काहीतरी पाहिजे असतं, अशी त्याची खात्री. नेरातले लोक थट्टा करायचे, की जफरभाई स्वतःच्या सावलीलाही आधार कार्ड मागतात. करू द्या थट्टा! त्यांना काय माहीत, त्याच्या पोटात काय दडलंय ते.

दडलं होतं ते असं. हे दुकान आणि मागच्या तीन खोल्या चांदमिया पिंजाऱ्याच्या. त्याच घराण्याच्या नावानं सगळं नेर जफरला ओळखत होतं. पण त्या घराण्याच्या रक्ताचा एक थेंबही जफरच्या अंगात नव्हता. त्याची आई रहमतबी दुसऱ्या निकाहानं केळापूरहून इथं आली, तेव्हा चार वर्षांचा जफर तिचं बोट धरून आला. चांदमियाचा सख्खा मुलगा एकच, परवेज. जुनी माणसं एकेक करून कबरस्तानात गेली, जफरची बायकोही गेली. आता हे कोणाला ठाऊक नव्हतं, त्याच्या मुलाला, फिरोजलाही नाही. फक्त उर्दू शाळेच्या जुन्या रजिस्टरात लिहिलेलं होतं, 'जफर वल्द कासम, मूळ राहणार केळापूर', म्हणजे कासमचा पोरगा. त्या एका ओळीला तो जन्मभर भ्याला.

परवेज बेचाळीस वर्षांपूर्वी भिवंडीला गेला, तो गेलाच. कापूस पिंजायचं मशीन गावात आलं आणि दुकानात दोघांचं भागेना. "तू राह्य अठी, मी पाह्यतो कोठी तरी," एवढं बोलून तो एसटीत बसला. जफरला त्यातही डाव दिसला. सख्खा मुलगा असा सहज सोडून जातो काय? उद्या येईल आणि म्हणेल, चाल, नीघ केळापूरले.

परवेज आला नाही. या फेब्रुवारीत भर दुपारी त्याची नात आली.

अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, पाठीवर बॅग, पायात धुळीनं भरलेले बूट. जफर दुकानात मांडी घालून गादीला टाके मारत होता.

"छोटे दादा ना तुम्ही?"

"कोण वं तू?"

"तमन्ना. भिवंडीवरून आले. परवेज माझे आजोबा. मागच्या वर्षी वारले ते."

दाभण सरळ अंगठ्यात घुसली. भाऊ गेल्याचं दुःख त्याला झालंही असेल, पण आधी आठवलं ते घर.

"आधार दाखव," तो म्हणाला.

पोरीनं निमूट दाखवलं. त्यानं ते हात लांब करून दोनदा वाचलं. "आजकाल असे कार्ड कोठीबी छापून भेटतात."

फिरोजची बायको नाहिद आतून हे ऐकत होती. ती बाहेर आली, सासऱ्याकडे एक जळजळीत नजर टाकली आणि पोरीला हाताला धरून आत घेऊन गेली. वर पाहुण्यांच्या कपात चहा दिला! जफरला तेही झोंबलं.

चहा पिता पिता तमन्नानं येण्याचं कारण सांगितलं. नर्सिंगला तिचा नंबर लागत होता. त्यासाठी जातपडताळणी पाहिजे. घराणं मूळचं नेरचं, म्हणून वंशावळीवर इथल्या घरातल्या वडीलधाऱ्याची सही पाहिजे.

वंशावळ! फिरोजला आयटीआयला घालायचं होतं तेव्हा हाच कागद लागणार होता. "हातात कला आहे, कागद कायले पाह्यजे?" असं म्हणून त्यानं पोराला फॉर्मच भरू दिला नव्हता. फिरोज आज बसस्टँडजवळ पंक्चर काढतो आणि बापाशी कामापुरतं बोलतो.

त्या दिवसापुरता जफर शिवणकाम विसरला. त्यानं पोरीवर डोळ्यात तेल घालून पहारा केला. तिनं दुकानाचे फोटो काढले, अंगणाचे काढले, मागच्या भिंतीचेही काढले. भिंतीचे कायले? मोजमाप करून राह्यली, दुसरं काय! मग ती अंगणात जाऊन हळू आवाजात फोनवर बोलली. जफर न्हाणीच्या आडोशाला कान टवकारून उभा.

"नाही अम्मी, अजून नाही बोलले. सगळे असतात ना आजूबाजूला. एकटे भेटले की सांगते."

एकटा भेटल्यावर काय सांगणार? घर खाली करा, हेच! जफरनं मनाशी ठरवूनच टाकलं, की हिला एकटं भेटायचंच नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "छोटे दादा, जरा बाहेर चक्कर मारायची?" तर त्यानं फिरोजला हाक मारली. "जे बोलायचं ते माह्या पोरासमोर बोल."

तिनं फिरोजकडे पाहिलं, जफरकडे पाहिलं आणि आत निघून गेली. जेवताना तिनं सांगितलं, की मी घरी यायच्या आधीच शाळेत जाऊन परवेजदादांच्या दाखल्याची झेरॉक्स आणली. जफरनं हातातला घास ताटात ठेवला. शाळेत गेलती! रजिस्टर पाह्यलं हिनं! ती मान खाली घालून भाकरी मोडत होती, आणि त्या खाली घातलेल्या मानेतच त्याला सगळं कारस्थान दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं सेतू केंद्रात गेले. फिरोजला जफरनंच सोबत घेतलं होतं, साक्षीला. फॉर्म भरणारा प्रफुल्ल फिरोजचा वर्गमित्र. त्यानं तमन्नाच्या हातातला कागद घेतला आणि मोठ्यानं वाचला.

"मूळपुरुष चांदमिया. मुलं दोन. परवेज आणि जफर."

जफरनं कागद त्याच्या हातून ओढूनच घेतला. अक्षर परवेजचं होतं. चांदमियाच्या नावाखाली सारख्या लांबीच्या दोन रेघा. एकीखाली परवेज, दुसरीखाली जफर.

त्याला आनंद आवरेना. सही केली की झालं! सरकारी कागदावर तो कायमचा चांदमियाचा पोरगा. आता कोणाच्या बापाची हिंमत नाही त्याला केळापूरले जा म्हणायची. त्यानं पेन उचललाही.

"काका, एक गोष्ट आहे," प्रफुल्ल म्हणाला. "चौकशीवाले यातल्या हरेक नावाचा शाळेचा दाखला काढतात. बापाचं नाव जुळलं नाही, तर प्रकरण बाद होते. पोरीचं वर्ष जाईन."

पेन हातातच राहिला. जफरनं तिच्या धुळीनं भरलेल्या बुटांकडे पाहिलं, मग फिरोजकडे. फिरोजकडे पाहवेना.

"माहं नाव काप," तो म्हणाला.

"काय?"

"मी चांदमियाचा पोरगा नाही. माह्या बापाचं नाव कासम, केळापूरचा. माय दुसरं लग्न करून आली, तिच्या संगं मी आलो."

फिरोज खुर्चीवरून उठला. "म्हून माहा फॉर्म भरू देल्ला नाही?"

"हो."

"एवढ्यासाठी?"

"भेव वाटे, बेटा. घर जाईन, नाव जाईन. तू बी जाशीन."

फिरोज तोंड फिरवून दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. जफरला वाटलं, हा आता गाडीला किक मारेल आणि परत कधी बोलणार नाही.

तेवढ्यात तमन्ना रडायला लागली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "दादांनीच सांगितलेलं. वंशावळ लिहिताना मी त्यांना म्हटलं, दादा, हे नाव नका टाकू, फॉर्म अडकेल. ते म्हणाले, अडकला तर अडकू दे, मी भावाला कापून कागद करणार नाही. मग ते गेल्यावर मी कशी कापणार? तुम्हाला विचारायलाच आले मी. असं फोनवर कसं विचारायचं? फिरोजचाचांना माहीत नाही, हे काल नाहिदचाचींच्या बोलण्यातून कळलं मला, आणि तुम्ही तर एकटं भेटूच देत नव्हते."

जफर मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. लाज ना शरम, सेतू केंद्रात, दहा लोकांच्या देखत. बेचाळीस वर्षं तो ज्या भावाच्या नावानं दाराला कडी लावत होता, त्या भावानं त्याला मरेपर्यंत घरातच धरलं होतं. एक पत्र नाही टाकलं त्यानं परवेजला, एक फोन नाही केला.

मग त्यानं डोळे पुसले आणि पेन घेतला. चांदमियाच्या घरात आपण आहोत असं साऱ्या दुनियेत एकाच जागी लिहिलेलं होतं. तिथल्या आपल्या नावावर त्यानं स्वतःच्या हातानं रेघ ओढली. शेवटच्या अक्षरापर्यंत ओढली.

"साक्षीदार म्हणून सही करा, चालते," प्रफुल्ल म्हणाला. त्यानं नवी वंशावळ टाइप करून छापली आणि जफरनं खाली सही केली. काम झाल्यावर प्रफुल्ल हातानं लिहिलेला जुना कागद फाडायला लागला.

फिरोजनं दारातून येऊन त्याचा हात धरला.

"फाडू नको बे," तो म्हणाला. बापाकडे त्यानं अजूनही पाहिलं नव्हतं. "माह्या चुलत्यानं लेहेला आहे तो."